विहिरीतलं नायट्रेट कुणाच्या घरचं? गिरणाकाठच्या एका मळ्यातली केस

रिपोर्टवर आकडा होता १८.६ आणि शेजारच्या रकान्यात मर्यादा ४५. मोठ्या मामांनी त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, पाणी पास झालं. मे २०२३ ची गोष्ट. मी फोटो मोठा करून बघितला तर नायट्रेटच्या पुढं बारीक अक्षरात 'ॲज एन' असं छापलेलं, आणि माझ्या पोटात गोळाच आला, कारण ॲज एन म्हणजे त्या लॅबने फक्त नायट्रोजनचं वजन दिलं होतं, अख्ख्या नायट्रेटचं नाही. शेजारची ४५ ची मर्यादा मात्र अख्ख्या नायट्रेटची. दोन वेगळ्या मापांचे आकडे एका ओळीत बसवलेले. अख्खं नायट्रेट काढायला १८.६ ला ४.४३ ने गुणायचं, म्हणजे ८२ होतात. पाणी पास नव्हतं, मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट होतं.

आणि घरात दोन महिन्यांचं बाळ.

मामेबहीण बाळंतपणाला माहेरी आलेली, दूध कमी पडत होतं म्हणून पावडरचं वरचं दूध सुरू केलेलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारलं दूध कुठल्या पाण्यात कालवता, ही म्हणाली विहिरीच्या, तर त्यांनीच सांगितलं की आधी पाणी तपासून घ्या. त्या डॉक्टरांचे उपकार आहेत, कारण नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही, पाणी गोड लागतं आणि सगळे म्हणतात आमच्या मळ्याचं पाणी म्हणजे अमृत. मी लगेच फोन केला तर आजी म्हणाली अरे आम्ही चांगलं वीस मिनिटं उकळून देतो. आता तिला कसं सांगायचं की उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं आणि तेवढंच नायट्रेट कमी पाण्यात राहतं, पाच लिटरचं चार लिटर झालं तर ८२ चं १०२ होतं. क्लोरीनच्या थेंबांनी जात नाही, कँडलच्या फिल्टरने जात नाही, यूव्हीने पण नाही. घरगुती उपायांत आरओने बरंचसं जातं.

बाळाला धोका का, तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात आम्ल कमी असतं, तिथले जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं आणि रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, ओठ आणि नखं निळी पडतात. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरने विहिरीचं पाणी आणि निळी पडणारी बाळं यांचा संबंध पहिल्यांदा नीट मांडला, आणि त्या विहिरीही अशाच शेतातल्या घरांच्या होत्या. आपल्याकडं पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये ४५ एमजी पर लिटर ही मर्यादा आहे आणि तिच्यावर सूट नाही, दुसरा पर्याय नसेल तर इतकं चालेल असा जो दुसरा रकाना काही घटकांना असतो तो नायट्रेटला नाहीच. आमच्या बाळाला सुदैवाने काही झालं नव्हतं, रंग छान, वजन वाढत होतं. फोन ठेवायच्या आधी एवढंच सांगितलं की बाळाचं पाणी आजपासून बदला आणि बहिणीला अंगावर जितकं पाजता येईल तितकं पाजू द्या, आईच्या दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही.

पाणी बदला म्हणणं सोपं आहे. मळा गावापासून दीड किलोमीटर, गावचा नळ तिथपर्यंत नाही. मग थंड पाण्याचे जार. मी गेलो तेव्हा दोन ठिकाणच्या जारचं पाणी किटवर तपासलं, एकात नायट्रेट नऊ-दहा निघालं आणि दुसऱ्यात साठच्या आसपास, म्हणजे दुसरा माणूस बोअरचंच पाणी गार करून विकत होता. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, जारमधलं पाणी गार आहे म्हणजे ते आरओचं आहे असं अजिबात नाही. पहिला जार सुरू केला आणि मग खऱ्या प्रश्नाला हात घातला, की हे नायट्रेट येतं कुठून.

मळ्याची मांडणी सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जळगाव जिल्ह्यातला भडगाव तालुका, गिरणा नदीपासून दोनेक किलोमीटर, भावकीतली सात घरं एकाच ओळीत, माणसं ३४. वरच्या अंगाला सहा एकर केळी, खालच्या अंगाला कापूस आणि मग नाला. मधोमध आजोबांच्या काळातली विहीर, ४५ फूट, प्यायचं पाणी सगळ्यांचं तिथलंच. अंगणात एक बोअर २१० फूट, ते धुण्याभांड्याला आणि गुरांना. धाकट्या मामांचं स्लॅबचं घर २०१६ चं, त्यांची सेफ्टी टाकी विहिरीपासून ४२ फुटांवर. आमच्याकडं सेप्टिक टँकला सगळे सेफ्टी टाकीच म्हणतात. विहिरीच्या दुसऱ्या बाजूला नव्वदेक फुटांवर मोठ्या मामांचा गोठा आणि उकिरडा, तीन म्हशी आणि बैलजोडी.

म्हणजे संशयित तीन. केळीचं खत, धाकट्यांची टाकी, थोरल्यांचा उकिरडा. आणि मी पोहोचायच्या आधीच घरात दोन तट पडलेले. मोठे मामा म्हणत टाकीमुळंच, धाकटे म्हणत एवढा युरिया टाकतो आपण केळीला, तो काय हवेत जातो का. दोघांचं आधीपासून बांधावरून थोडं होतंच, त्यात हे. मला खरं सांगायचं तर आकड्यांपेक्षा याची जास्त काळजी होती, कारण अशा प्रकरणात चुकीच्या माणसावर बोट ठेवलं तर पाणी नंतर सुधारतं पण भाऊ बोलायचे थांबतात ते थांबतातच. म्हणून दोघांना समोर बसवून सांगितलं की मामा, मोजून झाल्याशिवाय मी कुणाचं नाव घेणार नाही, आणि तुम्ही पण घेऊ नका.

आधी कागदावरचा हिशोब, कारण तो फुकट होतो. माणूस दिवसाला साधारण साडेसात ग्रॅम नायट्रोजन बाहेर टाकतो, बहुतेक लघवीतून. आहारात प्रोटीन जास्त असेल तर दहाच्या वर पण जातं, मी आपल्या जेवणाप्रमाणं साडेसात धरलं. धाकट्या मामांच्या घरात सहा माणसं, म्हणजे दिवसाला ४५ ग्रॅम. त्या सगळ्याचं नायट्रेट झालं तर २०० ग्रॅम नायट्रेट, रोज. आता २०० ग्रॅम नायट्रेटला ४५ च्या मर्यादेत ठेवायला किती स्वच्छ पाणी लागेल, तर ४४०० लिटर, रोज. आमच्याकडं पाऊस साधारण ७०० मिलिमीटर, आमच्या दगडात त्याचा दहावा हिस्सा मुरतो असं धरलं तर एका एकरात वर्षाला २ लाख ८० हजार लिटर, दिवसाला पावणेआठशे लिटरच्या आसपास. म्हणजे एका घराचं नायट्रेट पातळ करायला पावणेसहा एकर रान पाहिजे, आणि वाटेत निम्मं नायट्रोजन उडून गेलं असं धरलं तरी जवळजवळ तीन एकर. कॅनॉलचं आणि ड्रिपचं पाणी पण थोडं मुरतं, पण तो भाग धरला तरी आमची सात घरं एका एकरात बसतात.

हे ऐकून मोठे मामा जरा सरसावून बसले, तर मी दुसरा हिशोब मांडला. केळीला झाडाला २०० ग्रॅम नत्र, ४० स्फुरद, २०० पालाश ही आपल्याकडची शिफारस. पाच बाय पाच फुटांवर एकरी १७५० झाडं धरली तर नत्रच ३५० किलो, नुसत्या युरियात मोजलं तर ४५ किलोच्या सतराएक गोण्या. आणि धाकट्यांच्या घरचं वर्षाचं नायट्रोजन साडेसोळा किलो. म्हणजे एक एकर केळी बरोबर एकवीस घरांचे संडास, आणि केळी सहा एकर. मग दोघंही गप्प. अर्थात केळी त्यातलं बरंच उचलते आणि ते अख्ख्या रानावर पसरलेलं असतं, टाकीतलं मात्र एका खड्ड्यातून एका जागी उतरतं आणि तेही प्यायच्या विहिरीच्या पायाशी. त्यामुळं एकूण किलो किती यावरून निकाल लागत नाही. म्हशीचंही तसंच, एक म्हैस दिवसाला शंभर ग्रॅमच्या वर नायट्रोजन टाकते, तीन म्हशी धाकट्यांच्या अख्ख्या घराला भारी.

मग नमुने. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, बोअरची मोटर आधी पंधरा मिनिटं चालू ठेवायची, बाटल्या बर्फाच्या डब्यात आणि ४८ तासांच्या आत लॅबमध्ये. यावेळी दुसरी लॅब घेतली आणि आधीच लिहून मागितलं की नायट्रेट म्हणूनच आकडा द्या, नायट्रोजन म्हणून नको. आले ते आकडे असे: प्यायची विहीर नायट्रेट ८४ आणि क्लोराइड १४८, अंगणातलं बोअर ७१, केळीतली वरची विहीर ३८ आणि क्लोराइड ९६, नाल्याकडचं बोअर ५२, आणि पाटचारीचं, म्हणजे कॅनॉलचं पाणी ४. बोअरचे ७१ बघून मामी म्हणाली दोनशे फुटांवरचं पाणी खराब कसं, तर त्या बोअरला केसिंग, म्हणजे आतला पाइप, फक्त वीस फूट आहे, त्याच्या खाली उघडा दगड, वरचं पाणी सरळ आत गळतं. बोअर खोल आहे म्हणजे पाणी खोलचं आहे असं नाही, केसिंग कुठपर्यंत आहे ते विचारा.

टाकीतलं पाणी पण तपासलं, आणि इथं मोठा गोंधळ झाला, कारण टाकीत नायट्रेट जवळजवळ शून्य निघालं. धाकटे मामा उठून उभेच राहिले, "आमनी टाकीमा नही शे ना ते!" त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला पुढचं बोलायला जड गेलं. टाकीत हवा नसते, त्यामुळं तिथं नायट्रोजन अमोनियाच्या रूपात असतं, आणि अमोनियाची चाचणी लावली तर किटचा रंग तक्त्याच्या शेवटच्या खान्याच्याही पुढं गेला. हे पाणी जमिनीत हवेशीर थरात उतरलं की जिवाणू काही फुटांतच त्याचं नायट्रेट करतात. आणि एकदा नायट्रेट झालं की ते मातीला चिकटत नाही, कारण चिकणमातीच्या कणांवर ऋण भार आणि नायट्रेटवरही ऋण भार. पाणी जाईल तिकडं ते जातं. म्हणून टाकीत नायट्रेट नाही हा टाकीच्या बाजूचा पुरावा होत नाही, फक्त टाकीत पाहून नायट्रेट कळत नाही एवढंच सिद्ध होतं.

मग वाटलं क्लोराइडने सुटेल. माणूस मीठ खातो, ते लघवीतून आणि सांडपाण्यातून येतं, वाटेत त्याचं काही होत नाही, म्हणून सांडपाण्याचा माग काढायला क्लोराइड चांगलं असं सगळीकडं लिहिलेलं असतं. पण आमच्या केळीच्या पट्ट्यात हा माग फसवतो, कारण पालाश आपण देतो ते म्युरेट ऑफ पोटॅशमधून, आणि ते म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. झाडाला २०० ग्रॅम पालाश द्यायला ३३३ ग्रॅम पोटॅश लागतं, त्यात दीडशे ग्रॅम क्लोराइड, एकराला अडीचशे किलोच्या वर. नुसतं क्लोराइड जास्त दिसलं म्हणून संडासाला दोष दिला तर केळीवाल्या गावांत निम्म्या वेळा चूक होईल. नायट्रोजन-१५ आयसोटोपची तपासणी असते, रासायनिक खत आणि मैला त्यात बऱ्यापैकी वेगळे दिसतात, पण संडास आणि उकिरडा यांचे आकडे एकमेकांवर चढतात आणि आमचं भांडण तर त्या दोघांतच होतं. ई-कोलाय हा मैल्यातला जिवाणू पण विहिरीत निघाला, पण तो म्हशीच्याही पोटात असतोच. तेव्हा बाटल्यांनी काही निकाल लागेना.

मग पाण्याचा उतार काढला. गवंडी लोक वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी घेऊन तीन ठिकाणच्या काठांची उंची जुळवली, टेप सोडून पाण्याची पातळी मोजली, आणि उतार निघाला केळीकडून नाल्याकडं. टाकी विहिरीच्या आडव्या बाजूला पडत होती, वरच्या अंगाला नाही. उकिरडा तर खालच्या अंगाला. म्हणजे या नकाशाप्रमाणं टाकी सुटली, उकिरडा सुटला आणि केळी दोषी. मी वहीत तसं लिहिलं सुद्धा होतं. पण केळीच्या विहिरीत ३८ आणि तिथून येणारं पाणी घराच्या विहिरीत पोहोचताना ८४, वाढलं कुठं हे मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीत उतरलो. कंबरेला दोर, वर मामा आणि दोन पोरं. मे महिना, पाणी ४० फुटांवर गेलेलं, त्यामुळं भिंत पूर्ण उघडी. वरून नऊ फूट काळी माती, मग पिवळसर मुरूम, आणि २२ फुटांवर मुरूम संपून काळा पाषाण लागतो. त्या सांध्यावर, बरोबर टाकीच्या बाजूच्या अंगाला, चार फूट लांबीचा ओला पट्टा. बाकी सगळी भिंत उन्हाने कोरडी ठणठणीत आणि एवढ्याच पट्ट्यावर हिरवंगार शेवाळ, पोसलेलं, बोट लावलं की बुळबुळीत, खाली दगडावर पांढरट ओघळ वाळलेले. हात ठेवला तर पाणी झिरपत होतं. उकिरड्याच्या बाजूची भिंत अगदी कोरडी. आणि विहिरीचा मूळ झरा वेगळाच, खाली ३८ फुटांवर गेरूच्या थरातून, केळीच्या बाजूने.

तेव्हा उलगडलं. माझ्या टेपने खालच्या झऱ्याच्या पाण्याचा उतार मोजला होता. वरचं हे पाझराचं पाणी त्या पातळीपर्यंत जातच नव्हतं, ते मुरुमातून उतरून पाषाणाच्या पाठीवरून घसरत थेट विहिरीत येत होतं, त्याचा उतार पाषाणाच्या पाठीचा उतार. आपल्या बेसॉल्टच्या भागात असं फार ठिकाणी असतं, एकाच विहिरीत दोन-तीन वेगवेगळ्या घरचं पाणी येतं आणि आपण वरून बादली टाकतो तेव्हा ते मिसळलेलं असतं.

पत्र्याची छोटी पन्हळ करून पट्ट्याखाली धरली, लिटरची बाटली दोन मिनिटांत भरली, म्हणजे तासाला तीसेक लिटर. त्याच सकाळी झऱ्याचा नमुना वेगळा आणि विहिरीचा मिसळलेला वेगळा घेतला. पाझरात नायट्रेट १६०, क्लोराइड २३०. झऱ्यात नायट्रेट ४१, क्लोराइड ९८, म्हणजे केळीच्या विहिरीसारखंच. विहिरीत पुन्हा ८४ आणि १४८. आता ४१ आणि १६० किती प्रमाणात मिसळले तर ८४ येईल, हे काढलं तर पाझराचा वाटा ३६ टक्के येतो. हाच हिशोब क्लोराइडने केला तर ३८ टक्के. दोन वेगळे घटक, दोन वेगळ्या चाचण्या, आणि उत्तर जवळजवळ एकच. रात्री वहीत हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले तेव्हा मला पहिल्यांदा खात्री वाटली. आणखी एक ताळा, पाझर दिवसाला ७२० लिटर, गुणिले १६०, म्हणजे ११५ ग्रॅम नायट्रेट, आणि एका घरातून जास्तीत जास्त २०० निघू शकतं. निम्म्याहून थोडं जास्त पोहोचतंय, पटण्यासारखं आहे.

तरी धाकट्या मामांना पाझर आपलाच हे दिसायला हवं होतं, माझ्या गुणाकारावर त्यांनी का विश्वास ठेवावा. म्हणून पाच किलो खडेमीठ बादलीत विरघळवून त्यांच्याच हातांनी टाकीच्या दुसऱ्या कप्प्यात ओतलं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर त्यांनाच दिला आणि रोज सकाळी दोराने बाटली सोडून पाझराचं पाणी काढायचं ठरलं. सुरुवातीला ९८०. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी १०६०, सहाव्या दिवशी १४१०, मग उतरत उतरत अकराव्या दिवशी जवळपास मूळच्या आकड्यावर. सहाव्या दिवशी त्यांनी स्वतः मला फोन केला, आकडा सांगितला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आते काय करानं भो?"

मोठ्या मामांनी तेव्हा एक शब्द उलटा बोलला नाही, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते.

टाकी उघडल्यावर मूळ चूक दिसली, आणि ती मामांची पण नाही. दोन कप्पे, पहिला पक्का, दुसऱ्याला तळच नाही, अकरा फूट खोल, सरळ मुरुमात. गवंड्याने तेव्हा सांगितलं होतं की असं केलं की टाकी कधी भरत नाही, आणि खरंच सात वर्षांत एकदाही उपसावी लागली नव्हती, घरात त्याचं कौतुकच होतं. पण टाकीत मळ साठतो, दोन-तीन वर्षांत ती उपसायला यायला हवी, ती कधीच भरत नसेल तर ती गळत असण्याची शंका घ्यायची. आमच्या भागात नवीन घरांच्या कितीतरी टाक्या अशाच आहेत. माझं स्पष्ट मत आहे की खरा घात इथं होतो, मैलापाणी काळ्या मातीच्या खाली नेऊन मुरुमात सोडण्यात. काळी माती ओली झाली की तिच्यात हवा राहत नाही, आणि हवा नाही पण कुजलेला पाला-मुळं आहेत अशा जागी दुसरे जिवाणू नायट्रेटचा साधा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. शिवाय पिकाची मुळं तिथंच असतात. फुकटात शुद्ध करणारा थर वरच्या वर होता, आणि अकरा फूट खोदून त्याला टाळलं.

आयएस २४७० या सेप्टिक टँकच्या भारतीय मानकात मैलापाणी जिरवायची जागा पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटर, म्हणजे साठेक फूट लांब असावी असं आहे, आमचं ४२ वर. पण ६५ फुटांवर असतं तरी या पाषाणाच्या पाठीवरून नायट्रेट आलंच असतं असं मला वाटतं, ते अंतर मुळात जंतूंच्या हिशोबाने आहे, जंतू मातीत गाळले जातात आणि मरतात, नायट्रेट नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आत काम केलं. सक्शनची गाडी बोलावून दोन्ही कप्पे उपसले, दुसऱ्या कप्प्याला काँक्रीटचा तळ आणि आतून प्लास्टर, आणि त्यातून निघणारं पाणी पाइपने १३० फूट खाली नाल्याच्या बाजूला नेऊन दोन फूट खोल, साठ फूट लांब चरात सोडलं, काळ्या मातीतच. चरावर कर्दळ आणि केळीची रोपं. चर लांब लागतो कारण काळी माती पाणी हळू पिते, आखूड केला तर पावसाळ्यात वर येतं आणि वास सुटतो. खर्च दोघा भावांनी निम्मा निम्मा केला. उकिरडा पण हलवला, तो दोषी नव्हता तरी मोठे मामा म्हणाले मी पण काहीतरी हलवतो.

आकडे लगेच पडले नाहीत, आणि हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून बरं. मुरुमात सात वर्षांचं साठलेलं होतं, पहिल्या जोराच्या पावसांनी ते धुऊन आणलं आणि ऑगस्टमध्ये विहीर ९६ वर गेली. मामीने विचारलं एवढा खर्च करून वाढलंच का. जानेवारीत ६६. मे २०२४ मध्ये पुन्हा उतरलो तर पाझर तासाला दहा लिटरवर आलेला, शेवाळ सुकून पापुद्रे सुटलेले, पाझरात नायट्रेट ७१, झऱ्यात ४३ आणि विहिरीत ४८.

४८ म्हणजे अजून तीन वर. आणि आता जे उरलंय ते बहुतेक झऱ्यातलं, म्हणजे केळीचं, त्यामुळं धाकटे मामा पहिल्या दिवशी जे म्हणत होते त्यातही तथ्य होतंच. टाकी नसती तर विहीर ४१ वर राहिली असती, जेमतेम पास. खताने आधीच मर्यादेच्या टोकाशी आणून ठेवलेलं पाणी टाकीने पलीकडं ढकललं. सहा एकरांत माती परीक्षण केलंय, युरिया ड्रिपमधून थोडा थोडा आणि जास्त हप्त्यांत विभागून द्यायला सुरुवात केलीय, पाण्याच्या पाळ्या कमी केल्यात कारण जास्तीचं पाणीच नत्र खाली नेतं. झऱ्यात फरक दिसायला दोन-तीन पावसाळे तरी जातील असा माझा अंदाज.

बाळ आता चालायला लागलंय, अजून आरओच्याच जारचं पाणी पितं, आणि तो जार दर दोन महिन्यांनी किटवर तपासायचा हे मामेबहिणीने स्वतःवर घेतलंय. टीडीएस मीटर धाकट्या मामांकडंच आहे, मोटरच्या खोलीत खिळ्याला लटकवलेला, आणि दर रविवारी विहिरीचा आकडा ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेखाली पेनाने लिहितात, कुणी न सांगता. कॅनॉलचं आवर्तन सुटलं की पाटचारीचं पाणी मिसळून आकडा खोटाच कमी दिसतो हे त्यांच्या लक्षात आलंय, त्या आठवड्यांच्या आकड्यांभोवती ते गोल करतात.